उजवा खांदा आणि पित्ताचे खडे

लंडनमधल्या एखाद्या ऑस्टिओपॅथी कॉलेजचं, म्हणजे हाडं, सांधे, स्नायूंवर हाताने उपचार करायला शिकवणाऱ्या कॉलेजचं, क्लिनिक डोळ्यासमोर आणा. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, समोर पन्नाशीच्या बाई. तक्रार एवढीच, की उजवा खांदा आणि त्यामागचा फरा अधूनमधून ठणकतो. विद्यार्थी त्यांना हात वर करायला लावतो, मागे न्यायला लावतो, मग स्वतः धरून फिरवून बघतो. सांधा सगळीकडे सुरळीत फिरतो, फिरवताना दुखत नाही. मानेचंही तेच. फऱ्याच्या कडेला अंगठ्याने दाबल्यावर मात्र बाई म्हणतात, "हो, इथे जरा दुखतंय." विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. सापडला आखडलेला स्नायू!

मागे उभे असलेले शिक्षक एकच विचारतात, "दुखणं उठतं कधी?" ते विचारायचं राहूनच गेलेलं असतं. बाई सांगतात: रात्री, जेवल्यावर तासा-दोन तासांनी, आणि तळकट खाल्लं असलं की हमखास.

प्रसंग कल्पित आहे, पण दुखणं पाठ्यपुस्तकी. पित्ताशयाची वेदना ज्या चेतांमधून (नर्व्हमधून) मज्जारज्जूत शिरते, साधारण त्याच पातळीवर पाठीच्या त्वचेच्या आणि स्नायूंच्या चेताही येऊन मिळतात. मेंदूला तक्रार पोचते, पण पत्ता चुकतो. पित्ताशयाला सूज येऊन वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, त्रास झाला, तर दुखणं थेट खांद्याच्या टोकाशी जाणवतं. कारण मजेशीर आहे. गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेपाशी होते आणि मग ते खाली सरकतं, पण त्याची चेता मानेतलीच राहते, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरची. खांद्याच्या त्वचेच्या चेताही तिथूनच निघतात. माणूस पुण्याला राहायला गेला तरी रेशनकार्ड गावचंच, तशातली गत.

मग अंगठ्याखाली दुखलं ते काय? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या कुणालाही तिथे दाबून बघा, दुखतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

सारख्या दिसणाऱ्या दुखण्यांची यादी मनात धरायची आणि विचारपूस, तपासणी करत एकेक नाव खोडत जायचं, याला व्यवच्छेदक निदान म्हणतात. आपल्याकडचे मेडिकलचे विद्यार्थी त्याला नुसतं 'डीडी' (डिफरन्शियल डायग्नोसिस) म्हणतात. यादी दोन तऱ्हेने लावावी लागते: जास्त शक्यता कशाची, आणि चुकलं तर महागात काय पडेल. नवशिका पहिलीच यादी करतो, कारण ती बहुतेक वेळा बरोबर ठरते.

ऑस्टिओपॅथीत हे शिकणं आणखी अवघड का, याचं मूळ मला तिच्या जन्मकथेत दिसतं. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुलं 1864 मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यांनी नवा विचार मांडला: हाडं, सांधे जागेवर नसले की रक्तप्रवाह अडतो आणि रोग होतात, तेव्हा हाताने ते जागेवर आणा. 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला त्यांनी शाळा काढली. आता गंमत बघा. सगळ्या रोगांचं मूळ एकच असेल तर यादी हवी कशाला? म्हणजे आजचा विद्यार्थी जे शिकतो, ते संस्थापकाच्या सिद्धान्ताला वळसा घालूनच.

अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ आज पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात. ब्रिटनची गोष्ट वेगळी. तिथे 1993 च्या कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवू शकत नाही, पण ते डॉक्टर नसतात. पेशंट मात्र चिठ्ठीशिवाय सरळ त्यांच्याकडे येऊ शकतो. त्यामुळे हात लावायचा की नाही, हे त्यांनाच ठरवावं लागतं. आपल्या हाडवैद्यापुढेही हाच प्रश्न असतो, फक्त त्याची परीक्षा कुणी घेत नाही.

सगळ्यात जास्त येते ती कंबरदुखी, आणि तिथेच बुद्धीचा कस लागतो. ऑस्ट्रेलियात एका अभ्यासात नव्याने कंबर धरलेल्या 1172 जणांचा माग ठेवला, तेव्हा गंभीर कारण निघालं फक्त 11 जणांत, आणि त्यातही 8 मोडलेले मणके. पण धोक्याची खूण म्हणून शिकवतात अशी एखादी तरी गोष्ट सुमारे 80 टक्के लोकांत होती! म्हणजे खुणांचा तक्ता पाठ करून टिकमार्क करत गेलात, तर दहातल्या आठांना घाबरवून सोडाल. खुणा एकत्र कशा जुळतात ते बघावं लागतं. विशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्धा तास लाकडासारखी ताठ, आणि चालल्याफिरल्यावर मोकळी होते? मग ही नेहमीची उसण नसावी, मणक्यांचा संधिवात असू शकतो. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन? मणक्याचा टीबी. ब्रिटनमध्ये तो विरळा, आपल्याकडे नाही, त्यामुळे तीच यादी मुंबईत करायची तर क्रम बदलतो.

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा, लाज वाटली तरी. "लघवी अडते का? सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिर वाटतं का?" पाठीच्या तळाशी चेतांचा जुडगा दबला असेल तर तातडीने ऑपरेशन लागू शकतं, उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. विद्यार्थी हा प्रश्न इतका घाईत आणि पुटपुटत विचारतात, की पेशंट सवयीने "नाही" म्हणून मोकळा होतो. ते विचारणं नसतं.

आणि यादी पहिल्या भेटीत मिटत नाही. उपचाराने काय फरक पडला, तोही पुरावाच. आयुर्वेदाने 'उपशय' या नावाने हे निदानातच धरलं आहे. फक्त सावध राहावं, कारण बरीचशी कंबरदुखी काही न करताही ओसरते आणि श्रेय हाताला मिळतं.

इकडे आपल्या विद्यार्थ्याला पत्र लिहायचं आहे, बाईंच्या डॉक्टरांना. 'पित्ताचे खडे आहेत' असं ठोकून द्यायचं नाही. काय आढळलं, काय आढळलं नाही, दुखणं कधी उठतं आणि शंका कशाची, एवढंच. सोनोग्राफी ते करतील. बाईंनाही बजावायचं: ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा दुखणं थांबेनासं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाई पत्र पर्समध्ये ठेवतात आणि दारातून वळून विचारतात, "म्हणजे आज खांद्याला काहीच करणार नाही?"