वॉर्डातलं ग्लुकोमीटर: आकडा कधी मानायचा, लॅबला कधी पाठवायचं

आमच्याकडून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप घेणाऱ्या रुग्णालयांसाठी व नर्सिंग होमसाठी

आमच्याकडे सर्वात जास्त येणारी तक्रार एकच आहे: "लॅबची शुगर 170 आली, तुमचं मशीन 192 दाखवतंय. बदलून द्या." मशीन खरंच बिघडलं असेल तर आम्ही बदलूनच देतो. पण बहुतेक वेळा गोंधळ मशीनमध्ये सापडत नाही. रक्ताचा थेंब कुठून घेतला, किती वाजता घेतला आणि कोणत्या रुग्णाचा घेतला, यात तो असतो. म्हणून हे पत्रक. वॉर्डच्या सिस्टर, लॅब टेक्निशियन आणि रात्रपाळीचे डॉक्टर यांच्यासाठी ते लिहिलं आहे; ऑफिसच्या फायलीत न लावता नर्सिंग स्टेशनवर ठेवावं, ही विनंती.

किती फरक चालतो

ग्लुकोमीटरसाठी आयएसओ 15197 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या 2013 च्या आवृत्तीनुसार शुगर 100 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; या पत्रकातले शुगरचे आकडे याच मापात आहेत) किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरपैकी 95 निकाल लॅबच्या आकड्याच्या 15 टक्के खाली-वर या मर्यादेत यायला हवेत. 100 च्या खाली हीच मर्यादा 15 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे खरी शुगर 200 असताना मीटरवर 170 दिसली काय किंवा 230 दिसली काय, मानकाच्या हिशेबाने मीटर पास. वरचा 170 आणि 192 चा फरकही यातच बसतो.

खरी काळजी खालच्या आकड्यांची आहे. रक्तात 62 असताना मीटर 77 दाखवू शकतं आणि तरीही ते मानकात बसतं. रुग्णाला घाम फुटला आहे, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध होतंय आणि मीटर म्हणतं 76, तर त्या 76 वर निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना लगेच बोलवा.

आणखी एक. आयएसओचं हे मानक रुग्णाने घरी स्वतः तपासणी करण्याच्या मीटरसाठी आहे. रुग्णालयातल्या मीटरसाठी अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं व वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) यापेक्षा कडक अपेक्षा ठेवली आहे: 75 च्या वर 12 टक्के, खाली 12 मिलिग्रॅम. मेडिकल स्टोअरमधलं स्वस्त मीटर जनरल वॉर्डात एकवेळ चालून जाईल, पण आयसीयूत आणि नवजात शिशू कक्षात ते वापरू नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो. विक्री कमी झाली तरी चालेल.

लॅबशी ताडून पाहायचं असेल तर

सकाळी सहाला बोट टोचलं आणि आठला शिरेतून रक्त काढलं, तर ती तुलनाच नव्हे. दोन्ही नमुने पाच मिनिटांच्या आत घ्या आणि शक्यतो उपाशीपोटी घ्या. जेवणानंतर बोटातल्या रक्तात शुगर शिरेतल्यापेक्षा बरीच जास्त असते. तो शरीराचा धर्म आहे, मशीनचा दोष नव्हे.

दुसरी बाजू ट्यूबची. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या ट्यूबमध्ये खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के शुगर उतरते. राखाडी झाकणाच्या फ्लोराईड ट्यूबमध्ये ही घट थांबते, पण लगेच नाही. पहिला तास-दोन तास ती चालूच असते. वॉर्डबॉय ट्यूब घेऊन चहाला थांबला आणि सेंट्रिफ्यूज (रक्तातल्या पेशी वेगळ्या करणारं यंत्र) दोन तासांनी फिरलं, तर खोटा आकडा लॅबचा असतो आणि बदली मशीनची होते.

थेंब घेताना

रुग्णाचे हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नुकतंच केळं किंवा संत्रं सोललेल्या बोटावर साखर राहते, आणि नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती नीट जात नाही. सिस्टरनी 25 टक्के डेक्स्ट्रोजची अँप्यूल फोडल्यावर ग्लोव्ह न बदलता शुगर तपासली, तरी हेच होतं. हात धुणं शक्य नसेल तर ओल्या कापसाने बोट पुसा, कोरडं करा आणि पहिला थेंब टिपून दुसरा घ्या. स्पिरिट वापरलं असेल तर ते उडून जाऊ द्या.

मधलं किंवा अनामिका बोट घ्या, आणि टोचा बाजूला; टोकाच्या मध्यावर नको. बोट दाबून, पिळून रक्त काढू नका, कारण पेशींबाहेरचं पाणी त्यात मिसळतं. हात थंड असेल तर आधी कोमट करा. तान्ह्या बाळाची टाच टोचताना तळव्याकडच्या भागात आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचावं. टाचेच्या मागच्या गोलाईवर कधीही नको, तिथे हाड जवळ असतं.

ज्या हाताला डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू आहे, त्या हाताचं बोट टाळा. त्याच लाइनमधून रक्त काढून 400 शुगर आली म्हणून इन्शुलिन देणं किती महागात पडेल, हे आम्ही सांगायला नको.

या रुग्णांत मीटरवर विसंबू नका

बीपी पडलेला, शॉकमध्ये असलेला, बीपी वाढवणारी नॉरॲड्रेनॅलिनसारखी औषधं चालू असलेला किंवा हातपाय गार पडलेला रुग्ण. बोटापर्यंत रक्तच नीट पोहोचत नाही, मग तिथला थेंब सगळ्या शरीराची शुगर कशी सांगणार? धमनीतला किंवा शिरेतला नमुना लॅबला किंवा एबीजी मशीनवर (रक्तातले वायू तपासणारं मशीन) पाठवा.

हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, तुमच्या सीबीसी रिपोर्टवरचा पीसीव्ही, हे दुसरं मोठं कारण. रक्त पातळ असेल, म्हणजे तीव्र ॲनिमिया, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव किंवा डायलिसिसचा रुग्ण, तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. रक्त दाट असेल, जसं डेंग्यूत प्लाझ्मा गळल्यावर किंवा नवजात बाळात, तर कमी दाखवतं. पहिला प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्यात कमी झालेली शुगर झाकली जाते. स्ट्रिपसोबतच्या कागदावर ती किती हेमॅटोक्रिटपर्यंत चालते ते छापलेलं असतं. तो कागद फेकू नका.

शिरेतून मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी दिलेल्या रुग्णातही अनेक मीटर फसवा, जास्त आकडा देतात.

पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांचा विषय वेगळा काढायला हवा. त्यांच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन (साखरेच्या साखळ्यांचा एक पदार्थ) असेल तर शरीरात माल्टोज तयार होतं, आणि जीडीएच-पीक्यूक्यू हे एन्झाइम असलेली स्ट्रिप माल्टोजलाही ग्लुकोज समजते. रुग्णाची शुगर 50 असताना मीटर 200 म्हणू शकतं. 2009 साली एफडीएने याबद्दल इशारा दिला, तेव्हा 1997 पासूनच्या अशा 13 मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती. हा द्रव थांबवल्यावरही परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो. पेटीवर एन्झाइमचं नाव वाचायची सवय लावा. पीक्यूक्यू स्ट्रिप आम्ही ठेवत नाही, पण रुग्णाच्या नातेवाइकांनी घरून आणलेल्या मीटरमध्ये ती असू शकते.

नातेवाइकांच्या मीटरवरून आठवलं: लंडनहून किंवा टोरांटोहून मुलाने पाठवलेलं मीटर बऱ्याचदा मिलिमोलमध्ये आकडा देतं. तिथे 5.6 म्हणजे आपले 100. अठराने गुणा आणि मगच केसपेपरवर लिहा.

लॅन्सेट आणि सफाई

पेनसारखं टोचण्याचं यंत्र एकाच माणसाच्या घरगुती वापरासाठी असतं. वॉर्डात सुई बदलूनही ते दुसऱ्या रुग्णाला वापरू नये; टोपणाला लागलेलं रक्त पुरेसं असतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो आणि अशा सामायिक पेनमधून त्याच्या साथी पसरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. एकदा टोचल्यावर आपोआप आत जाऊन बंद होणारी लॅन्सेटच (टोचायची सुई) घ्या. वापरलेली लॅन्सेट पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

प्रत्येक रुग्णानंतर मीटर पुसा. कशाने, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं आहे. स्ट्रिपच्या खाचेत द्रव जाऊ देऊ नका. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मीटरमध्ये हा बिघाड नेहमीचा आहे.

स्ट्रिप आणि कंट्रोल

स्ट्रिपचा शत्रू दमट हवा. डबी उघडी ठेवून गप्पा मारू नका, स्ट्रिप खिशात सुट्या ठेवू नका. कोकणातल्या ग्राहकांनी पावसाळ्यात विशेष सांभाळावं. फ्रिजमध्ये ठेवल्या की बाहेर काढताना पाणी सुटतं, म्हणून तिथेही नको. डबी उघडल्याची तारीख पेनाने वर लिहा. उघडल्यानंतरची मुदत बऱ्याचदा छापील एक्स्पायरीपेक्षा वेगळी आणि कमी असते.

कंट्रोल सोल्युशन, म्हणजे ठरावीक शुगर असलेलं मीटर तपासायचं द्रावण, बहुतेक ठिकाणी सील न फोडता पडून असतं. कमी आणि जास्त अशा दोन्ही पातळ्या नवी डबी उघडल्यावर, मीटर पडल्यावर आणि आकड्याबद्दल शंका आल्यावर चालवा. आयसीयूत रोज चालवा. आकडा छापील मर्यादेत आला तर मीटर आणि स्ट्रिप ठीक आहेत. थेंब चुकीचा घेतला असेल तर ते मात्र कंट्रोल सांगत नाही. तपासणी वहीत लिहून ठेवा, एनएबीएचचे (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) परीक्षक तीच आधी मागतात.

स्क्रीनवर "हाय" किंवा "लो" आलं तर तो बिघाड समजू नका. बऱ्याच मीटरमध्ये हाय म्हणजे 600 च्या वर, लो म्हणजे 20 च्या खाली. हात पुसून एकदा पुन्हा तपासा, लॅबला नमुना पाठवा आणि लॅबच्या रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवू नका.

तक्रारीचा फोन करताना मीटरचा सीरियल नंबर, स्ट्रिपचा लॉट नंबर, डबी उघडल्याची तारीख, कंट्रोलचा शेवटचा निकाल आणि रुग्णाचा पीसीव्ही हाताशी ठेवा. रुग्णाचं नाव आम्हाला कळवू नका. शंका असलेल्या लॉटची डबी फेकून न देता बाजूला ठेवा. ती आम्ही घेऊन जातो आणि बदली डबी त्याच फेरीत देतो.