१७ ऑक्टोबर १९६१ आणि शारोन : पॅरिसमधील दोन वेगळी हत्याकांडे

मिखाएल हानेके यांच्या २००५ सालच्या ‘काशे’ या चित्रपटात नायकाच्या वडिलोपार्जित शेतावर राबणारे अल्जेरियन जोडपे पॅरिसच्या मोर्चाला जाते आणि परत येत नाही. चित्रपटातील गुन्ह्याची पाळेमुळे ज्या रात्रीत आहेत ती १७ ऑक्टोबर १९६१ची. तिची आणि शारोन मेट्रो स्थानकाजवळच्या हत्याकांडाची गल्लत खुद्द फ्रान्समध्येही वर्षानुवर्षे होत आली, कारण शहर तेच, फ्रान्सपासून स्वातंत्र्यासाठी चाललेले अल्जेरियाचे युद्ध तेच, पोलीसप्रमुख मोरिस पापाँ हाही तोच आणि मधले अंतर जेमतेम चार महिन्यांचे.

ऑक्टोबरचा मोर्चा अल्जेरियन स्थलांतरितांचा होता. रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच फक्त त्यांच्यावरच लादलेल्या संचारबंदीचा निषेध करण्यासाठी एफएलएन या मुक्तिसंघटनेने त्यांना निःशस्त्र यायला सांगितले होते आणि अनेकजण बायकामुलांसह आले होते. पोलिसांनी अकरा हजारांहून अधिक लोकांना पकडून क्रीडागृहांत कोंडले, कित्येकांना मारून सेन नदीत फेकले. सरकारने आधी दोन आणि नंतर तीन मृत्यू मान्य केले. इतिहासकारांचे अंदाज मात्र काही डझनांपासून दोनशेच्या पुढे जातात.

८ फेब्रुवारी १९६२ रोजी शारोनला जमले ते प्रामुख्याने फ्रेंच डावे आणि कामगार. अल्जेरिया फ्रेंचच राहावा म्हणून बॉम्बस्फोट घडवणाऱ्या ओएएस या गुप्त सशस्त्र संघटनेविरुद्ध त्यांची निदर्शने होती. पोलिसांच्या हल्ल्यातून वाचण्यासाठी मेट्रोच्या जिन्यात शिरलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, झाडांच्या बुंध्यांभोवतीच्या लोखंडी जाळ्या उचलून फेकल्या. नऊजण दगावले. सगळे सीजीटी या कामगार संघटनेचे सदस्य होते. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखोंचा समुदाय लोटला आणि पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना नावानिशी जागा मिळाली.

माझ्या मते खरा फरक मृतांच्या आकड्यात नसून इथे आहे. शारोनच्या मृतांमागे कम्युनिस्ट पक्ष होता, संघटना होती, वर्तमानपत्रे होती. ऑक्टोबरच्या मृतांची धड यादीही झाली नाही, आणि फ्रेंच डाव्यांच्या स्मरणात फेब्रुवारीने ऑक्टोबर झाकून टाकला. सेनकाठी सें-मिशेल पुलाजवळ साधा स्मृतिफलक लागायला २००१ साल उजाडले. पापाँला १९९८ मध्ये शिक्षा झाली खरी, परंतु ती दुसऱ्या महायुद्धात बोर्दोतील ज्यूंच्या हद्दपारीत हात असल्याबद्दल. पॅरिसमधील या दोन्ही हत्याकांडांसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.