रविवारी बंद कारखान्यात हवा कोण खातं?

रविवार, सकाळचे साडेदहा, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला एक मधल्या आकाराचा कारखाना, नाव नाही घेत. शिफ्ट नाही, मशिनी बंद, गेटवरचा वॉचमन मोबाइलवर कीर्तन ऐकून राहिला होता. अन् तरी मागच्या शेडमधला ४५ किलोवॉटचा कंप्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं मशीन, आम्हीच मुद्दाम चालू करायला लावला होता. एनर्जी ऑडिटमधली, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते ते शोधायच्या कामातली, ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट, कारण याला मीटरबिटर काहीच लागत नाही, मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. हवा वापरणारं एकही मशीन चालू नाही, म्हणजे टाकी एकदा भरली की कंप्रेसरने गप बसायला पाहिजे. पण तो बसला नाही. १ मिनिट ४० सेकंद लोड (हवा भरतो), ३ मिनिटं २० सेकंद अनलोड (हवा न भरता नुसता फिरतो), मग परत लोड. पाच-सहा वेळा मोजलं, तेच. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, म्हणजे १०० भागिले ३००. कंप्रेसर जेवढी हवा बनवतो त्याची तिसरी वाटणी कोणीच वापरत नसताना जाऊन राहिली होती.

मेंटेनन्सचे भाऊ सोबत होते, वीस वर्षं तिथेच नोकरी. त्यांना म्हटलं भाऊ, एवढी हवा खातं कोण? तर ते शांतपणे म्हणाले, "हवाच आहे ना सर, ते तं फुकटच असते."

इथेच सगळी गोम आहे. हवा फुकट, पण दाबलेली हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग वीज. कंप्रेसरला दिलेल्या विजेतला ढोबळमानाने दहातला एक हिस्सा शेवटच्या अवजारापर्यंत कामाला येतो, बाकी सगळी उष्णता, कंप्रेसरच्या कूलरला वाहून न्यावी लागते ती. त्या कारखान्याचा हिशोब तिथेच भिंतीवर खडूने मांडला. कंप्रेसर २५० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला २५० घनफूट हवा देणारा, तिसरा हिस्सा म्हणजे ८३ सीएफएम गळती, त्याला साधारण १५ किलोवॉट लागतात. आठवडाभर तीन शिफ्ट, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,०८,००० युनिट. ९ रुपये युनिट पकडा, पावणेदहा लाखाच्या आसपास. भाऊ खडूकडे बघत राहिले, मग म्हणाले, साहेबांना नका सांगू अजून, आधी मी शोधतो.

गळती शोधायला आम्ही साबणाच्या पाण्याची बादली अन् जुना रंगाचा ब्रश घेऊन फिरलो. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर असतो, मस्त असतो, पण कारखाना बंद असला तर कानालाच फुसफुस ऐकू येते. क्विक कपलर, होजचे क्लॅम्प, कोणीतरी टेफलॉन टेप न लावता आवळलेले जॉइंट, अन् एक ड्रेन व्हॉल्व्ह तर कायमचा थोडासा उघडा ठेवलेला, पाणी साचू नये म्हणून. म्हणजे थेंबभर पाणी काढायला चोवीस तास हवा सोडून राहिले होते. आणखी एक गंमत अशी की गळतीमुळे शेवटच्या मशीनला प्रेशर कमी पडायचं, म्हणून कोणीतरी कधीतरी प्रेशरचं सेटिंग सहावरून सात किलोवर (चौरस सेंटिमीटरमागे) नेलं होतं. एक किलो प्रेशर वाढवलं की वीज सहा-सात टक्के जास्त लागते, अन् भोकातून हवाही जास्त जोराने जाते, म्हणजे दुखणं वाढवून औषध घेतल्यासारखं.

एनर्जी ऑडिट म्हटलं की लोकांना वाटतं कोणी येऊन ट्यूबलाइट काढून एलईडी लावायला सांगणार. ते होतंच, पण ते सगळ्यात सोपं काम. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा, त्याखाली २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी सुरू झालं, तेच ते एसी-फ्रिजवर स्टार देणारं. मग २०१२ पासून पॅट (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) नावाची योजना आली. सिमेंट, पोलाद, कागद, खत, कापड, वीजनिर्मिती असे आठ सेक्टर घेतले, ४७८ मोठे कारखाने निवडले, प्रत्येकाला टनामागे किती ऊर्जा कमी करायची याचं टार्गेट दिलं. टार्गेटपेक्षा जास्त वाचवलं तर सर्टिफिकेट मिळणार, ते कमी पडलेल्याला विकता येणार. पहिल्या तीन वर्षांत जवळपास ८७ लाख टन तेलाएवढी ऊर्जा वाचली असा सरकारी हिशोब आहे, अन् मला त्यात आवडलं ते हे की एवढी मोठी बचत शेवटी फुसफुस करणाऱ्या जॉइंटपासूनच सुरू होते.

हा फुकटवाला रोग प्रत्येक धंद्यात वेगळ्या रूपात भेटतो. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलमध्ये जा, उसना म्हणजे उकडा तांदूळ बनवायला वाफ लागते अन् बॉयलर धानाच्या कोंड्यावर, म्हणजे वरच्या टरफलावर चालतो. धानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा कोंडाच असतो, घरचाच माल, म्हणून धुराड्यातून किती गरम धूर जातो हे कोणी बघत नाही. धुराचं तापमान साधारण २२ डिग्रीने खाली आणलं की बॉयलरची एफिशिएन्सी एक टक्का वाढते, अन् बॉयलरला जाणारं पाणी धुराच्याच उष्णतेने ६ डिग्री गरम केलं तरी एक टक्का इंधन वाचतं. पण कोंडा घरचा, तर वाचवायचा कोणासाठी? एका मिलवाल्याला मी विचारलं, तुमच्याकडचा कोंडा उरला तर काय करता? म्हणे विकतो, वीटभट्टीवाले नेतात. मग फुकट कुठे राहिला राव! जाळला तो विकला असता ना.

कळमन्याच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मिरचीच्या गोण्या होत्या. दारावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता, नवाकोरा, पण सुतळीने बांधून वर टांगलेला. हमालाला विचारलं काहून बांधला, तर म्हणे गोणी घेऊन जाताना तोंडावर येतो. बरोबरच आहे त्याचं. बाहेरची मे महिन्याची हवा मात्र गोणीमागोमाग आत, आतल्या गार नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरतो, बर्फ धरला की थंडावा कमी, मग गारवा करणारा कंप्रेसर जास्त वेळ चालतो. इथे पडदा लावा असं रिपोर्टमध्ये लिहून उपयोग नाही, दार रुंद करा किंवा गाडीवर माल न्या असं लिहावं लागतं, अन् ते मालकाला खर्चाचं वाटतं.

आता नागपूरकरांसाठी खास गोष्ट. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे की कूलर मे महिन्यात झकास चालतो अन् जुलैत नुसतं चिपचिप करतो. कोरड्या हवेत पाणी भराभर वाफ होतं अन् जाताना उष्णता घेऊन जातं. मॉल, हॉटेल, मोठी हॉस्पिटलं यांच्या गच्चीवरचा कूलिंग टॉवर हा तोच कूलर, फक्त तो हवेऐवजी पाणी थंड करतो. त्याला थर्मामीटरवरचे ४३ डिग्री दिसतच नाहीत, त्याला दिसतं ओल्या कापडाचं तापमान, ज्याला वेट बल्ब म्हणतात. ४३ डिग्री अन् २० टक्के आर्द्रता असली तर वेट बल्ब २४-२५, आणि जुलैत ३१ डिग्रीला ८० टक्के आर्द्रता असली तर तो २८. म्हणजे भर उन्हाळ्यात आपल्या टॉवरचं पाणी पावसाळ्यापेक्षा गार निघायला पाहिजे! नाही निघत तर आतल्या फिल, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या जाळ्या, क्षाराने गच्च झाल्या असतील, आपल्या बोअरच्या पाण्याने दोन सीझनमध्ये होतात. याउलट एअर कूल्ड चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं पण टॉवरऐवजी हवेवर थंड होणारं मशीन, घेतला तर त्याच्या कॉइलला थेट ४३ डिग्रीची हवा, बिचारा धापा टाकतो. पण टॉवरला पाणी लागतं, अन् मे महिन्यात टँकर मागवून चिलर चालवायचा का, याचं उत्तर एक्सेलमध्ये नाही सापडत, मलाही नाही सापडलेलं.

पंप आणि ब्लोअर हा आणखी एक खजिना. फिरायचा वेग ८० टक्के केला की वीज ०.८ चा घन, म्हणजे फक्त ५१ टक्के लागते. पण बहुतेक ठिकाणी मोटर फुल स्पीडला अन् पुढे व्हॉल्व्ह अर्धा बंद, म्हणजे भाजी करपते म्हणून गॅस कमी न करता वरून पाणी ओतत बसायचं. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा की झालं असं विकणारे सांगतात, ते मात्र सगळीकडे खरं नाही. पंप जर पाणी वरच्या टाकीत चढवत असेल तर उंची काही कमी होत नाही, तिथे घनाचं गणित बसत नाही.

अन् लाइट बिल नीट वाचा बाप्पा. महावितरणने एप्रिल २०२० पासून एचटी म्हणजे उच्चदाबाच्या ग्राहकांना केव्हीएएच वर बिल लावलं, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या नाही तर ओढलेल्या सगळ्या विजेवर. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामाला आलेला हिस्सा, ०.९ असेल तर वापरता ९० युनिट, बिल येतं १०० चं. लोकांनी हा फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बसवले, चांगलं केलं, पण रविवारी मशिनी बंद अन् कपॅसिटर तसेच जोडलेले, मग फॅक्टर उलट्या बाजूला जातो अन् मीटर तेही मोजतो. परत तोच रविवार!

कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या आपल्याला घरून दिसतात. एक युनिट बनवायला तिथे ६००-७०० ग्राम कोळसा जळतो. त्या भिंतीवरच्या खडूच्या १,०८,००० युनिटला गुणून बघा, ७० टनांच्या आसपास येतो, मालगाडीचा साधारण एक डबा भरून. फुसफुशीसाठी.

तीन महिन्यांनी परत त्याच कारखान्यात गेलो, रविवारीच. भाऊंनी स्वतःच मोबाइल काढून मोजायला सुरुवात केली. सव्वा मिनिट लोड, सव्वाआठ मिनिटं अनलोड. १३ टक्के. प्रेशर परत सहावर आणलं होतं, ड्रेनला टायमर बसला होता. उरलेली गळती कुठेय विचारलं तर वर बोट दाखवलं, कँटीनच्या बाजूची लाइन, छताला चिकटून. तिथे पोहोचायला मोठी शिडी लागते म्हणे, अन् शिडीचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, दोन महिन्यांपासून स्टोअरमध्ये पडला आहे.