अंकोर

अंकोर : कंबोडियाच्या वायव्य भागातील ख्मेर साम्राज्याची जुनी राजधानी व तिचे अवशेष. उत्तरेस कूलेनचे डोंगर, दक्षिणेस तोनले साप सरोवर आणि या दोहोंमध्ये हलक्या उताराचा सपाट प्रदेश. या प्रदेशात, सिएम रीप शहराला लागून, नवव्या ते पंधराव्या शतकातील देवळे, तलाव, बांध आणि तटबंद्या पसरल्या आहेत. संरक्षित क्षेत्र सुमारे ४०० चौ. किमी. असून १९९२ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ‘अंकोर’ हे संस्कृत ‘नगर’ या शब्दाचेच ख्मेर रूप. ‘अंकोर वात’ म्हणजे नगरातले देऊळ आणि ‘अंकोर थोम’ म्हणजे मोठे नगर. पुष्कळ प्रवासी अंकोर वात हे एकच देऊळ पाहायचे असे ठरवून येतात आणि एका दिवसात परततात. प्रत्यक्षात ते देऊळ एका अवाढव्य शहराचा केवळ एक भाग होते.

त्या शहरात दगडी बांधकामाचा मान फक्त देवांचा होता. राजवाडे, बाजार, घरे हे सारे लाकूड, बांबू आणि गवताचे, आणि दमट हवेत त्यातले काहीच टिकले नाही. त्यामुळे आज जंगलात एकेकटी उभी दिसणारी देवळे पूर्वी दाट वस्तीच्या मधोमध होती, हे पाहणाऱ्याला सहसा उमगत नाही. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी जमिनीची मोजणी झाली, तेव्हा झाडोऱ्याखाली दडलेले सरळ रस्ते, घरांचे चौथरे आणि छोटी छोटी तळी यांची चौकट स्पष्ट दिसली. त्याआधी, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशाने या विरळ-दाट वस्तीचा एकूण पसारा सुमारे १,००० चौ. किमी. दाखवला होता.

पाणी

अंकोर समजून घ्यायचे तर सुरुवात पाण्यापासून करावी. या प्रदेशात पावसाळ्यात पाणी नको इतके आणि उन्हाळ्यात हवे तेव्हा नाही. तोनले साप सरोवराचे तर वागणेच विलक्षण आहे. मेकाँग नदीला पूर आला की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी फिरते, पाणी सरोवरात शिरते आणि त्याचा विस्तार कित्येक पटींनी वाढतो. पूर ओसरताना मागे उरतात मासे आणि गाळाची सुपीक जमीन. ख्मेर राज्याचे पोट या दोहोंवर आणि भातावर भरत असे.

राजांनी यात भर घातली ती ‘बाराय’ या प्रचंड तलावांची. बाराय खोदून केलेला नसतो. सपाट जमिनीवर चारही बाजूंनी मातीचे बांध घालून त्यात डोंगराकडून येणारे पाणी वळवले जाई, म्हणजे पाणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावर राही आणि उताराने सोडता येई. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मन राजाने यशोधरपूर ही राजधानी वसवली. तिच्या पूर्वेचा बाराय सुमारे साडेसात किमी. लांब आणि १.८ किमी. रुंद आहे. तो आता कोरडा असून त्याच्या तळाशी भाताची शेते आहेत. अकराव्या शतकातला पश्चिम बाराय त्याहून मोठा, सुमारे आठ किमी. लांब, आणि त्यात आजही पाणी असते. त्याच्या मधल्या बेटावरील देवळात १९३६ साली शेषशायी विष्णूच्या अतिभव्य कांस्यमूर्तीचे तुकडे सापडले. हे तलाव शेतीसाठी होते की राजाच्या पुण्याईचे प्रतीक म्हणून होते, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. दोन्ही हेतू एकाच बांधात सामावले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पाण्याचा संबंध देवळांच्या पायाशीही आहे. ही जड देवळे वाळूच्या भरावावर उभी आहेत आणि ती वाळू ओली असेपर्यंतच घट्ट राहते. भूजल खाली गेले की पाया खचण्याची भीती. सिएम रीपमध्ये हॉटेले वाढली तसा जमिनीतून उपसाही वाढला. म्हणून अंकोरची देखभाल करणाऱ्या ‘अप्सरा’ या सरकारी संस्थेने जुने कालवे साफ करून कोरडा पडलेला उत्तर बाराय आणि अंकोर थोमचे खंदक पुन्हा पाण्याने भरून घेतले. आठशे वर्षांपूर्वीची पाणी-व्यवस्था आज देवळांच्या रक्षणासाठी राबते आहे. अंकोरमधील ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट.

अंकोर वात

राज्याची सुरुवात इ. स. ८०२ पासून धरतात. त्या वर्षी दुसऱ्या जयवर्मनने कूलेन डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती घोषित केले, असे अकराव्या शतकातील एका शिलालेखावरून ठरवतात. पुढच्या तीन शतकांत राजधानी थोडी इकडेतिकडे सरकली आणि जवळजवळ प्रत्येक समर्थ राजाने आपले देऊळ उभारले. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने बांधलेले अंकोर वात हा या परंपरेचा कळस होय.

१९० मी. रुंदीचा खंदक, त्याच्या आत १,०२४ मी. लांब व ८०२ मी. रुंद तट, आणि मधोमध एकावर एक चढत जाणारे तीन मजले. वर पाच शिखरे असून मधले जमिनीपासून सुमारे ६५ मी. उंच आहे. पाच शिखरे म्हणजे मेरू पर्वत, खंदक म्हणजे त्याला वेढणारा समुद्र. आतला गाभा आणि तट जांभ्याचे, तर दर्शनी भाग कूलेनच्या वालुकाश्माचा आहे. दगड इतके घासून बसवले आहेत की दोन चिऱ्यांमध्ये चुना नाही. खऱ्या कमानीची रीत इथे नव्हती. दोन्ही बाजूंनी दगडाचा एकेक थर थोडा थोडा पुढे सरकवत माथ्यावर मिळवत. त्यामुळे इतक्या भव्य इमारतीतही दालने अरुंद आणि काळोखी आहेत. सारी भव्यता बाहेर आहे, आत एकांत.

देऊळ विष्णूचे, तोंड मात्र पश्चिमेला. खालच्या मजल्यावरील शिल्पपट अप्रदक्षिणेने, म्हणजे देवळाला डावी घालत पाहिले तरच त्यांचा क्रम लागतो. उत्तरक्रियेत फेरी अशीच असते, म्हणून हे राजाचे स्मृतिमंदिरही असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पश्चिम बाजूला कुरुक्षेत्राचे युद्ध आहे. बाणांच्या शय्येवरचे भीष्म त्यात सहज ओळखू येतात. दक्षिणेला खुद्द सूर्यवर्मनची फौज, त्यापुढे यमाचा दरबार, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक. पूर्वेला समुद्रमंथन. ४९ मी. लांबीच्या या पटात ८८ देव आणि ९२ असुर वासुकीला ओढताना दाखवले आहेत आणि खालच्या पाण्यात मधल्या रवीजवळ मासे-मगरींचे तुकडे होत आहेत. घुसळणीचा जोर शिल्पकाराने चेहऱ्यांवर न दाखवता त्या छिन्न मासोळ्यांत दाखवला. अंकोरमध्ये एकाच शिल्पापुढे तासभर बसायचे असेल तर ते हे.

सातवा जयवर्मन

११७७ साली चंपा या आजच्या व्हिएतनाममधील राज्याच्या सैन्याने अंकोर लुटले, असे परंपरेने सांगतात. ११८१ मध्ये गादीवर आलेला सातवा जयवर्मन महायान बौद्ध होता. त्याने प्रत्येकी तीन किमी. लांबीच्या चार तटांचे अंकोर थोम वसवले आणि त्याच्या मध्यभागी बायोन हे शिखराशिखरावर प्रसन्न, अर्धोन्मीलित चेहरे कोरलेले देऊळ उभारले. ते चेहरे लोकेश्वर या बोधिसत्त्वाचे की राजाचे, हा प्रश्न सुटलेला नाही. बायोनच्या बाहेरच्या भिंती मात्र मुद्दाम पाहाव्यात. कोंबड्यांची झुंज, मासळीबाजार, बाळंतपण, चुलीवरचा स्वयंपाक असे दगडात न टिकलेल्या शहराचे रोजचे जगणे तिथे आहे.

आईच्या स्मरणार्थ ११८६ साली त्याने राजविहार स्थापला, तोच आजचा ता प्रोम. त्याच्या शिलालेखात विहारात १२,६४० माणसे राहत होती आणि सेवेसाठी ३,१४० गावे नेमली होती, अशी नोंद आहे. राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचाही तिथे उल्लेख येतो. आज ता प्रोमची ओळख भिंतींवर बसलेल्या झाडांच्या अजस्र मुळांमुळे आहे. जंगलाने गिळलेले देऊळ कसे दिसते हे दाखवण्यासाठी फ्रेंच संरक्षकांनी ते मुद्दाम तसेच ठेवले. येथील दुरुस्तीत भारतीय पुरातत्त्व खात्याचाही सहभाग आहे. झाड काढले तर भिंत पडते, ठेवले तरी कधीतरी पडतेच. त्यामुळे तिथले काम फार सावधपणे चालते.

१२९६–९७ मध्ये चिनी दूत चौ ताक्वान जवळजवळ वर्षभर इथे राहिला. नांदत्या अंकोरचे डोळ्यांनी पाहिलेले तपशीलवार वर्णन त्याच्याकडूनच मिळते. बाजाराचा व्यवहार बायका सांभाळतात आणि सामान्यांना घरावर कौले घालण्याची परवानगी नाही, हे त्याने टिपून ठेवले.

ऱ्हास आणि ‘शोध’

१४३१ साली अयुथ्या या सयामी (थाई) राज्याच्या सैन्याने अंकोर घेतले आणि त्यानंतर राजधानी दक्षिणेकडे गेली, हे नेहमी दिले जाणारे कारण अपुरे आहे. व्हिएतनाममधील जुन्या झाडांच्या वाढवलयांवरून चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत दीर्घ अवर्षणे आणि मधूनच अतिवृष्टी झाल्याचे दिसते. कोरडे पडलेले कालवे अचानक आलेल्या पुराने फुटले. अशा काळात आलेल्या स्वारीने शेवटचा घाव घातला असावा.

१८६० साली आंरी मूओ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने अंकोर ‘शोधले’, हे विधान आजही ठिकठिकाणी आढळते. ते चुकीचे आहे आणि स्थानिकांवर अन्याय करणारेही. अंकोर वात कधीच ओस पडले नाही. तिथे बौद्ध भिक्षू सतत राहत होते, सोळाव्या शतकात ख्मेर राजाने त्याचे अपुरे शिल्पपट पुरे करून घेतले आणि १६३२ साली आलेल्या एका जपानी यात्रेकरूने खांबावर लिहिलेला मजकूर अजून आहे.

विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराची सर्वांत विलक्षण कहाणी बाफुओन या अकराव्या शतकातील देवळाची. ढासळते म्हणून १९६० च्या दशकात ते पूर्ण उतरवायला घेतले. सुमारे तीन लाख दगड क्रमांक टाकून आसपासच्या रानात मांडून ठेवले. मग यादवी युद्ध आले, काम थांबले आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत दगडांच्या नोंदी नष्ट झाल्या. १९९५ पासून एकेक चिरा मोजून, जुनी छायाचित्रे ताडून तो पुन्हा जागेवर बसवण्यात आला. २०११ मध्ये काम पुरे झाले.

भेट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा आणि सुसह्य. तिकीट छायाचित्रासह मिळते. ते देवळांपाशी न मिळता अधिकृत तिकीट केंद्रावर किंवा ऑनलाइन घ्यावे लागते. २०१७ पासून एक दिवसाचे ३७, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ अमेरिकन डॉलर असे दर आहेत. तीन दिवसांचे घेतलेले बरे, कारण ते दिवस सलग असावे लागत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे आवश्यक आहेत. अंकोर वातच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्याशिवाय सोडत नाहीत. सूर्योदयाला तळ्याकाठी उसळणारी गर्दी लगेच न्याहारीला पांगते. आत शिरण्याची खरी वेळ तीच.

मुख्य समूहापासून सुमारे २५ किमी. ईशान्येस बान्तेय स्रेय आहे. ९६७ सालचे हे छोटे शिवालय राजाने नव्हे, तर यज्ञवराह या राजगुरूने बांधवले. गुलाबी वालुकाश्मावरचे त्याचे कोरीवकाम लाकडावर केल्यासारखे बारीक आहे. १९२३ साली इथल्या देवतामूर्ती कापून नेताना पकडला गेलेला फ्रेंच तरुण आंद्रे मालरो पुढे आपल्या देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला. तिथून पुढे क्बाल स्पेअन. सुमारे दीड किमी. जंगलवाट चढून गेले की ओढ्याच्या पात्रातच कोरलेली शेकडो शिवलिंगे आणि काठच्या खडकांवर शेषशायी विष्णू दिसतात. लिंगांवरून वाहून पवित्र झालेले पाणी खाली राजधानीकडे जावे, अशी ती योजना. उन्हाळ्यात ओढा आटतो. पावसाळ्याच्या अखेरीस गेल्यास लिंगे वाहत्या पाण्याखाली पाहता येतात.