साध्या छोट्या मोटारीला सुपरचार्जर: पार्श्वभूमी

नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे बाहेरची हवा स्वतःच ओढून घेणाऱ्या, इंजिनाच्या छोट्या मोटारीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, जोडण्याचा विषय निघाला, की चर्चा लवकरच एका प्रश्नावर येऊन थांबते: मूळ कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन वर येताना सिलिंडरमधील मिश्रण किती पट आक्रसते ते प्रमाण) तसाच ठेवून कमी बूस्टवर (पंपाने दिलेल्या जास्तीच्या दाबावर) समाधान मानायचे, की इंजिन उघडून तो रेशो खाली आणायचा? हा वाद आजच्या स्वरूपात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. त्याआधीचा इतिहास लांबलचक असला, तरी तो मुख्यतः विमानांचा, शर्यतींचा आणि श्रीमंतांच्या मोटारींचा आहे.

तो थोडक्यात असा. आज सर्वाधिक ओळखीचा असलेला, दोन फिरत्या पाकळ्यांनी हवा ढकलणारा पंप 1860 च्या सुमारास अमेरिकेतील इंडियाना राज्यात तयार झाला आणि पुढे धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना वारा पुरवू लागला. इंजिनात दाबाने हवा भरण्याचे पेटंट जर्मनीत 1885 मध्ये निघाले आणि 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात विक्रीसाठीच्या सुपरचार्ज मोटारी मांडल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ग्रां प्री नियमांत सुपरचार्जर असलेल्या इंजिनाला 1.5 लिटरची आणि नसलेल्याला 4.5 लिटरची मर्यादा होती. या यंत्राची ताकद तेव्हाच्या जाणकारांनी कशी जोखली होती, हे त्या एकास तीन प्रमाणावरून दिसते. शब्दांचा एक गुंताही याच काळातला आहे. विमानांच्या परिभाषेत टर्बोला पूर्वी ‘टर्बोसुपरचार्जर’ म्हणत, म्हणजे टर्बो हा सुपरचार्जरचाच एक प्रकार मानला जाई. पुढे मोटारींच्या जगात पट्ट्यावर चालणारा तो सुपरचार्जर आणि एक्झॉस्टवर चालणारा तो टर्बो, अशी वाटणी रूढ झाली. या टिपणात तीच वापरली आहे.

छोट्या मोटारींचा खरा अध्याय 1980 च्या दशकात सुरू होतो. त्या वेळच्या टर्बो इंजिनांत पाय दाबल्यावर ताकद यायला जाणवण्याइतका उशीर होई, आणि ज्या इंजिनाची क्षमताच दीड लिटरच्या आसपास आहे, त्यात हा उशीर अधिक खटके. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणारा पंप मात्र इंजिनाबरोबरच वेग घेतो. 1986 मध्ये जपानमध्ये टोयोटाच्या एमआर-2 या छोट्या दोन आसनी मोटारीच्या 1.6 लिटर इंजिनावर सुपरचार्जर आला. त्याला विद्युतचुंबकीय क्लच होता आणि गरज नसताना पंप पूर्ण थांबत असे. जर्मनीत त्याच सुमारास फोक्सवॅगनची पोलो जी-40 ही छोटी मोटार आली. तिच्यातील सर्पिलाकार पंपाची मूळ कल्पना 1905 च्या फ्रेंच पेटंटमधली होती. हा पंप गुळगुळीत आणि शांत चालत असे, पण त्याच्या कडांवरील सीलिंगच्या पट्ट्या झिजत आणि त्या वेळेवर बदलल्या नाहीत तर आतील सर्पिल एकमेकांना घासून पंप निकामी होई. अधिक बूस्टसाठी लहान पुली बसवणाऱ्या मालकांनी ही झीज आणखी लवकर ओढवून घेतली. 1989 ची निसानची ‘मार्च सुपर टर्बो’ ही मोटार तर 930 सीसीच्या इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही घेऊन आली होती आणि 110 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देत होती.

कारखान्यांच्या या मोटारी पाहून कारखान्याबाहेर किट बनवणाऱ्यांचा व्यवसाय 1990 च्या दशकात बहरला. त्याला दोन गोष्टींनी हात दिला. पिळाच्या पाकळ्या असलेले आटोपशीर पंप तयार मिळू लागले आणि त्यांच्याबरोबर बायपास व्हॉल्व्ह आला. हलक्या पायाने मोटार चालवताना हा व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा पंपाभोवतीच फिरते आणि इंजिनावर पंपाचा भार अगदी थोडा पडतो. क्लचची गरज संपली, किट स्वस्त झाले आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) बदलून, लांब पट्टा टाकून घरच्या गॅरेजमध्येही ते बसवता येऊ लागले.

इंधनाचा प्रश्न मात्र पंपाइतक्या सहज सुटला नाही. साध्या मोटारीचा दाबाचा सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या थोडेच वर वाचू शकतो आणि त्यापुढचा आकडा दिसला की ईसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्र) तो बिघाड समजतो. म्हणून त्या काळच्या अनेक किटमध्ये सेन्सरच्या नळीत एक छोटा झडपेचा तुकडा घालून बूस्ट ईसीयूपासून लपवला जाई, आणि जास्तीच्या हवेला लागणारे इंधन मिळावे म्हणून बूस्टबरोबर इंधनाचा दाब झपाट्याने वाढवणारा रेग्युलेटर बसवला जाई. स्पष्ट सांगायचे तर ही फसवणूक होती, आणि फसवले जात होते ते इंजिनाच्या सुरक्षिततेसाठीच नेमलेले यंत्र. हवेचे प्रमाण, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ या तीन गोष्टींचा मेळ त्यात अंदाजानेच बसे. त्या काळात फुटलेल्या पिस्टनांचा दोष पंपावर गेला; माझ्या मते तो बहुतेक वेळा या अंदाजाचा होता.

कॉम्प्रेशन रेशोच्या वादाला याच परिस्थितीत धार आली. मूळ इंजिनाचा रेशो साधारण 9.5 ते 10 असे. कारखाने स्वतः सुपरचार्जर बसवताना तो 8 च्या जवळ आणत. एमआर-2 च्या सुरुवातीच्या सुपरचार्ज इंजिनात तो 8 होता, आणि 2001 च्या सुमारास आलेल्या मिनी या मोटारीत तर साध्या कूपरला 10.6 आणि सुपरचार्ज कूपर एसला 8.3 असा फरक एकाच घराण्यातल्या 1.6 लिटर इंजिनांत दिसतो. किट बनवणारे मात्र रेशोला हात न लावता बूस्ट सुमारे 0.4 बारवर रोखत. या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी ‘इफेक्टिव्ह कॉम्प्रेशन रेशो’ नावाचा आकडा प्रचारात आला: मूळ रेशोला दाबाच्या गुणोत्तराने गुणायचे, म्हणजे 10 ला 1.4 ने गुणून 14, आणि एका ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यास धोका आहे असे मानायचे. हा आकडा सोपा असल्यामुळे रुजला, पण त्याने जितके समजावले त्याहून अधिक गोंधळ केला. नॉकिंग, म्हणजे ज्वाळा पोहोचण्याआधीच मिश्रण स्वतःहून पेटून बसणारा ठोका, होते ते केवळ दाबामुळे नव्हे. शेवटी जळायच्या मिश्रणाचे तापमान, त्याला मिळालेला वेळ, इंधनाचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) आणि ठिणगीची वेळ यांचा त्यात तितकाच वाटा असतो. या गुणाकारात त्यांपैकी एकही नाही.

तापमानाचा वाटा किती मोठा आहे हे हिशोबाने पाहता येते. 27 अंश सेल्सिअसची हवा 60 टक्के कार्यक्षमतेच्या पंपाने 0.4 बार बूस्टपर्यंत दाबली, तर ती सुमारे 77 अंशांवर पोहोचते. दाब 40 टक्क्यांनी वाढला, पण गरम हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये जाणारी हवा जेमतेम 20 टक्क्यांनी वाढली. त्यातूनही पंप फिरवण्याची ताकद वजा व्हायची असते. इंटरकूलरने हीच हवा थंड केली, तर दोन्ही बाजूंनी फायदा होतो, मात्र गुणाकाराचा आकडा 14 चा 14 च राहतो. रेशो कमी करण्यासाठी जाड हेड गॅस्केट (सिलिंडरचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधील सील) टाकण्याचा जो स्वस्त उपाय सर्रास झाला, त्यातही असाच चकवा आहे. त्याने पिस्टन आणि हेडमधील अरुंद फट वाढते, मिश्रण ढवळले जाण्याचा वेग मंदावतो आणि नॉकिंगची शक्यता कागदावर कमी होते तितकी प्रत्यक्षात होत नाही. शिवाय बायपास उघडा असताना, म्हणजे रोजच्या चालवण्याच्या बहुतांश वेळेत, कमी रेशोचे इंजिन मुळापेक्षा मंद आणि अधिक इंधन पिणारे ठरते.

कारखान्यांनी रेशो उतरवला याला कारणे होती. त्यांना हलक्या प्रतीचे पेट्रोल, कडक उन्हाळा आणि लांब चढण या सर्वांत हमी पाळायची होती. एका मालकाच्या एका मोटारीला तोच निकष लावणे बंधनकारक नाही, पण ती सवलत फक्त त्यालाच मिळते, ज्याने ठिणगीची वेळ आणि इंधन नीट बांधून घेतले आहे. ईसीयूतील मूळ नकाशा (इंधन आणि ठिणगीच्या आकड्यांचा तक्ता) थेट बदलण्याची सोय पसरल्यावर हे शक्य झाले आणि झडपेच्या तुकड्याचे दिवस संपत गेले. त्याच सुमारास नियमही आवळले. अमेरिकेत 1996 पासून नव्या मोटारींना उत्सर्जनातील बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि कॅलिफोर्नियात अशा किटला स्वतंत्र मंजुरी लागत असल्याने मोजमाप न केलेल्या किटसाठी तो बाजार अडचणीचा बनला.

पुढे कारखान्यांनी स्वतःच जुना वाद मागे टाकला. 2005 मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ मोटारीच्या 1.4 लिटर इंजिनात थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडून, सुपरचार्जर आणि टर्बो एकत्र बसवून 170 पीएस काढले गेले, आणि रेशो 10 च्या आसपासच राहिला. 2011 च्या निसान मायक्रा मोटारीतील तीन सिलिंडरच्या 1.2 लिटर इंजिनाने तर रेशो 13 पर्यंत नेला. त्यात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे सिलिंडरमधील प्रत्यक्ष दाबणे कमी होते आणि ते काम काही अंशी पंप करतो. 98 पीएस देणाऱ्या या मोटारीचे कार्बन उत्सर्जन प्रति किलोमीटर 95 ग्रॅम नोंदले गेले. सुपरचार्जर येथे वेगासाठी नव्हे, इंधन वाचवण्यासाठी आला होता.

त्यानंतर लहान टर्बो इतके चपळ झाले, की पट्ट्यावरचा पंप छोट्या मोटारींच्या कारखान्यांतून जवळजवळ बाहेर पडला. नव्या नॅचरली ॲस्पिरेटेड मोटारींवर किट बसवणेही अवघड झाले आहे, कारण थेट इंधन सोडणाऱ्या इंजिनांत जास्तीचे इंधन द्यायचे तर कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर दोन्ही अपुरे पडतात, आणि जुन्या रेग्युलेटरसारखी पळवाट तेथे नाही. त्यामुळे आजही जी किट बसवली जातात, ती बहुतांशी इनटेक मॅनिफोल्डमध्ये इंधन सोडणाऱ्या, एक-दोन पिढ्या जुन्या इंजिनांवरच.