‘किसिएरा’: भूतकाळातून आलेले आर्जव

स्पॅनिशमध्ये ‘केरेर’ म्हणजे हवे असणे आणि ‘किएरो’ म्हणजे ‘मला हवे आहे’. तरीही अनोळखी माणसाशी अदबीने बोलताना स्पॅनिश भाषक अनेकदा ‘किसिएरा’ या रूपाकडे वळतो. ‘किसिएरा आब्लार कोन एल दिरेक्तोर’ याचे मराठी ‘मला संचालकांशी बोलायचे होते’ असे सहज होते, आणि बोलायचे असते ते मात्र आत्ताच. क्रियापद मागच्या काळात ढकलले की मागणीची धार बोथट होते, ही युक्ती दोन्ही भाषांना साधली आहे.

हे रूप बनते ‘किसिएरोन’ या भूतकाळी अनेकवचनातील ‘रोन’ काढून तेथे ‘रा’ जोडल्याने. स्पॅनिश क्रियापदांचा लहरीपणा पाहता या नियमाला एकही अपवाद नसावा, हे नवलच. ‘तुबिएरोन’वरून ‘तुबिएरा’ होते ते असेच. ‘सि तुबिएरा तिएम्पो, लेएरिया मास’ म्हणजे ‘वेळ असता तर अधिक वाचले असते’. येथे मराठी वाक्य आजच्या वेळेविषयी आहे की कालच्या, हे संदर्भावरूनच कळते. स्पॅनिशमध्ये ‘तुबिएरा’ आजच्या अभावासाठी आणि ‘उबिएरा तेनिदो’ हुकलेल्या कालच्या संधीसाठी, अशी स्पष्ट वाटणी आहे.

गंमत अशी की, ज्या लॅटिन रूपांपासून हा ‘रा’ आला, त्यांत कल्पनेचा अंशही नव्हता. ‘आमावेराम’ म्हणजे ‘मी प्रेम केले होते’, इतकी साधी पूर्ण भूतकाळाची नोंद. कल्पित गोष्टींसाठी लॅटिनमध्ये ‘आमाविस्सेम’ हे वेगळे रूप होते आणि त्याचा वारस ‘आमासे’ स्पॅनिशमध्ये आजही आहे; पण ‘आमारा’ने हळूहळू त्याच्या प्रांतात शिरकाव केला, इतका की लॅटिन अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात ‘से’ची रूपे क्वचितच ऐकू येतात. जेथे दोन्ही चालतात तेथे अर्थाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. आर्जवाचा मान मात्र एकट्या ‘रा’चा आहे: ‘किसिएरा’च्या जागी ‘किसिएसे’ म्हणून काही मागितले, तर ते प्रमाण स्पॅनिशमध्ये खटकते.

जुना अर्थ अगदीच पुसला गेलेला नाही. वृत्तपत्रांत ‘एल के फुएरा प्रेसिदेन्ते’, म्हणजे ‘जे एकेकाळी अध्यक्ष होते ते’, अशी रचना आढळते. काही व्याकरणकारांना ती कृत्रिम वाटते. शेजारच्या पोर्तुगीजच्या ग्रांथिक भाषेत तर ‘आमारा’चा अर्थ आजही ‘प्रेम केले होते’ असाच होतो.