सामाईक भिंतीला ओल आली आहे? रंगारी बोलावण्याआधी हे वाचा

पुण्याच्या पेठांतले जुने वाडे एकमेकांना खेटून उभे आहेत. तुमच्या माजघराची जी भिंत, तीच शेजारच्यांच्या जिन्याची. दिसायला ती विटांची असली तरी वाड्याचं वजन बहुतेक ठिकाणी आत दडलेले सागवानी खांब आणि त्यांवरच्या तुळया पेलतात. विटा-माती म्हणजे खणांमधली भरणी. म्हणून भिंतीला ओल आली की वाडे दुरुस्त करणाऱ्या आम्हाला पोपड्यांपेक्षा खांबाची काळजी जास्त वाटते.

पावसात भिजून पुन्हा वाळणारं सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. भिजून तसंच राहिलेलं कुजतं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल तर बुरशी धरत नाही. तो 25-30 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कूज सुरू होते आणि वाळवीलाही आयतं घर मिळतं. सागाचा गाभा बराच तग धरतो, पण खांबाच्या कडेला राहिलेला पांढरट भाग कुठल्याही साध्या लाकडासारखाच जातो. पाणी सगळ्यात पटकन शिरतं ते कापलेल्या टोकातून. त्यामुळे खांबाचा बुंधा आणि भिंतीत घुसलेली तुळईची टोकं आम्ही आधी ठोकून पाहतो. बद्द वाजलं की समजायचं.

पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा वरून. दोन छपरांचे उतार जिथे मिळतात तिथली पन्हळ नेमकी सामाईक भिंतीच्या डोक्यावर बसते. तिच्यात पिंपळाची पानं, कौलांचे तुकडे आणि (खरंच) मेलेली कबुतरं साचतात. खालून येणारी ओल साधारण तीन-चार फुटांपर्यंत चढते. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, त्यामुळे जी जोती एके काळी दोन-तीन पायऱ्या उंच होती ती आता फुटपाथला टेकली आहेत. तिसरं कारण म्हणजे भिंतीला लागून नव्याने केलेलं न्हाणीघर. त्याबद्दल शेजाऱ्याशी भांडण्याआधी आपलं न्हाणीघर कुठे आहे तेही पाहावं.

पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते वेगळ्याच कारणाने. शेजारचा वाडा पाडला जातो. आजवर दोन घरांच्या कुशीत राहिलेली भिंत एका दिवसात उघडी पडते. ती पावसासाठी बांधलेलीच नव्हती. तिच्यावर वळचण नाही, बाहेरून नीट गिलावा नाही, विटा बऱ्याचदा मातीत रचलेल्या, आणि पाडलेल्या तुळयांची भोकं तशीच उघडी. प्रत्येक सरीबरोबर सांध्यातली माती थोडी थोडी वाहून जाते. मातीतली भिंत पाण्यात कशी बसते हे पाहायचं असेल तर 12 जुलै 1961 ला, पानशेत फुटलं त्या दिवशी, नदीकाठच्या पेठांत असलेल्या कुणा वडीलधाऱ्यांना विचारा.

अशा भिंतीला पहिल्या पावसाआधी पत्रे हवेतच. पण पत्रे थेट भिंतीवर ठोकू नका. आधी उभ्या पट्ट्या मारायच्या, त्यांवर पत्रे, आणि खाली-वर हवा खेळायला फट ठेवायची. भोकं विटा आणि चुन्याने बुजवायची, भिंतीच्या माथ्यावर बाहेर झुकलेली टोपी घालायची. निळं प्लास्टिक घट्ट चिकटवणं हा सर्वांत वाईट उपाय: पाऊस अडतो, पण भिंतीतली वाफ आत कोंडते आणि खांब उकडल्यासारखा ओला राहतो. शेजारी नवी इमारत उभी राहणार असेल तर दोन भिंतींमधल्या वीतभर फटीवर पत्र्याचं झाकण कोण बसवणार, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या. नंतर त्या फटीत हात जात नाही.

आता सिमेंटबद्दल. ओली भिंत झाकायला लोक सिमेंटचा गिलावा करून घेतात, वर ‘वॉटरप्रूफ’ रंग देतात. वर्षभर छान दिसतं. पण पाणी आतच असतं. त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून ते आणखी वर चढतं आणि लाकडात मुरतं. आम्ही चुन्याचाच गिलावा करतो, कारण त्यातून भिंत श्वास घेते. जाड भिंत वाळायला इंचाला एक महिना, असा ढोबळ हिशेब आहे. दीड फुटाची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तर नऊ महिने. शेजाऱ्याने पलीकडून टाइल्स लावल्या असतील तर दीड वर्ष. म्हणून सामाईक भिंतीचं काम एकाच घरातून करायला आम्ही सहसा नाही म्हणतो. गिऱ्हाईक नाराज होतं, पण पैसे वाया जात नाहीत.

आमच्याकडे ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर आहे. लाकडात ते भरवशाचं आहे. विटेत मात्र क्षार साठले की आकडा उगाच फुगतो. भिंतीला मीटर टेकवून घाबरवणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

बुंधा कुजला असेल तर तुळईला टेकू देऊन तेवढाच भाग कापतो, जुन्या सागाचा तुकडा सांधतो आणि खाली दगडी तळखडा (ज्यावर खांब उभा असतो तो दगड) उंच करून घेतो. बुंध्याभोवती बोटभर फट मोकळी ठेवतो. ती कृपा करून नंतर सिमेंटने भरू नका. आतल्या लाकडाला वाळवी-बुरशी लागू नये म्हणून बोरिक-बोरॅक्सचं पाणी देतो. ते पावसात धुऊन जातं, त्यामुळे उघड्यावर त्याचा उपयोग नाही. चुन्याची कामं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत घेतो. मे महिन्यात फक्त पत्रे, पन्हळी आणि टेकू.

पाहणीला येऊ तेव्हा भिंतीला लावलेलं कपाट सरकवून ठेवा, माळ्यावर जायची शिडी हाताशी असू द्या, आणि जमल्यास शेजारच्यांनाही त्या वेळी घरी थांबायला सांगा. आधी रंग मात्र काढू नका. ओलीचे डाग कुठून कुठवर आहेत ते आम्हाला तसेच पाहायचे असतात.